एवढी एक कडी

पापाची तिकटीवरून आणलं होतं मी ते,
स्वयंपाकघरात ठेवायचं, कोंबडीच्या आकाराचं,
मान पिरगाळली की टिकटिकायला लागणारं.
पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी,
चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी.
तलाठी भरतीला सदुसष्ट दिवस होते.

हुपरीतलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि माळा.
खिडकीखाली आईची आगटी,
फुंकणी, चिमटा, टाकणखाराची वाटी,
परातीत पैंजणाच्या सुट्या कड्या.
त्या कुणी मोजत नाही, वजनावर असतात.
डाग द्यायचा, कडी सांधायची, पुढची घ्यायची.
सकाळी सातला खाली गेलेली तिची मान
मला जेवायला वाढताना वर यायची,
तेवढीच.

मी सातव्या मिनिटाला फोन उलटा करून पाहायचे.
नवव्याला पाणी प्यायचे.
बाराव्याला वाटायचं, कोंबडी बंद पडली की काय,
म्हणून तिच्या पोटाला कान लावायचे.
आई बघत नव्हती,
आणि सगळं बघत होती.

"चेलना, ती कोंबडी इकडं ठेव बघू."

ठेवली. आगटीपासून हातभर लांब.
पहिल्यांदा वाजली तेव्हा चिमट्यात कडी होती,
डाग वितळायला आलेला.
"थांब, एवढी एक."
मग एवढी एक.
मग एवढी एक.
कोंबडी ओरडून ओरडून गप्प झाली
आणि आमटी करपली.

दुसऱ्या दिवशी उठली खरी,
पाच मिनिटांत केर काढून परत बसली.
तिसऱ्या दिवशी लसूण सोलला.
"आई, सुट्टी म्हणजे काम बदलणं नव्हे."
"मग काय करू? रिकामं बसतो व्हय मी?
लोक बघत्यात."
दारात एक कुत्रं होतं,
तेही झोपलेलं.

मग एकदाची उंबऱ्यावर टेकली.
समोर उसाचा पट्टा, त्याच्या पल्याड
साखर कारखान्याचं धुराडं.
डोळे आधी लांबचं धरेनात,
कडीच्या अंतरावरच अडकून राहिलेले,
गंजलेल्या बिजागरीसारखे.
रोज थोडे कुरकुरत उघडले असावेत,
कारण आठवड्यानं म्हणाली,
"धुराड्यावर शिडी हाय की गं! कधीपास्नं हाय?"
"माझ्या जन्माआधीपासून."
"व्हय?" म्हणाली,
आणि कोंबडीची मान स्वतःच पिरगाळली.

शनिवारी शेठचा माणूस काटा घेऊन आला.
वजन होतं तेवढंच भरलं.
मला वाटलं होतं, वाढेल,
मी तिला तसं सांगितलंही होतं, पुस्तकातल्यासारखं.
फक्त सांधा सुटून परत आलेल्या कड्या
या खेपेला मुठीत मावल्या.
एरवी ओंजळ लागायची.
आईनं मूठ उघडली, पाहिली, मिटली.
शेठच्या माणसाला काही बोलली नाही.

मी पास झाले नाही. दोन मार्कांनी.
आता कागलच्या एमआयडीसीत पगारपत्रकं भरते,
टेबलावर फोन उलटा,
आणि सातवं मिनिट अजून तिथंच आहे.

रविवारी घरी असले की ऐकू येतं.
कोंबडी वाजते.
आईच्या चिमट्यात कडी, तोंड उघडं,
डाग अजून धरलेला नाही.
फुंकणी खाली.
कडी परातीच्या काठावर तशीच, अर्धी.
"राहू दे. चांदी हाय, दूध न्हवं. नासत न्हाई."

उंबऱ्यावर जाऊन बसते. मी शेजारी.
धुराड्याच्या शिडीवर आज कुणीतरी चढतंय,
मुंगीएवढं.
"पोचेल का गं पाच मिनिटांत?"

"तू मोजू नको," आई म्हणते.